ड्रायक्लीनिंगचा धोका आणि स्थानिक शासन : अमेरिकेतील अनुभवाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

पर्यावरणाच्या इतिहासाची मांडणी करताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः मोठे कारखाने, धरणे, खाणी आणि रासायनिक दुर्घटना यांकडे वेधले जाते. वस्तीच्या मध्यभागी दोन-चार माणसांच्या श्रमावर चालणाऱ्या लहान व्यवसायाचा इतिहास त्या मानाने दुर्लक्षित राहतो. ड्रायक्लीनिंग हा असाच एक व्यवसाय होय. 'कोरडी धुलाई' हे त्याचे नाव काहीसे फसवे आहे. कपडा त्यातही भिजतोच. मात्र तो पाण्यात न भिजता एखाद्या रासायनिक द्रावकात भिजतो. हे द्रावक तेलकट मळ विरघळविते, पण लोकर व रेशीम यांचे धागे आकसू देत नाही. व्यवसायाची सारी उपयुक्तता या द्रावकात आहे आणि त्याचा सारा धोकाही त्यातच आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा धोका कमी करण्याचे प्रयत्न एका शतकाहून अधिक काळ चालू आहेत. त्यांत संघराज्य शासन आणि घटक राज्ये यांचा वाटा मोठा आहे. तथापि अनेक महत्त्वाची पावले प्रथम नगरपालिका, परगणे आणि प्रादेशिक हवा-नियंत्रण मंडळे यांसारख्या स्थानिक शासनसंस्थांनी उचलली. प्रस्तुत निबंधात या प्रयत्नांचा ऐतिहासिक क्रमाने आढावा घेतला आहे. केवळ बंदीच्या मार्गाने धोका नाहीसा होत नाही, तो पुष्कळदा दुसऱ्या ठिकाणी सरकतो; आणि नियमाबरोबर पैसा व प्रशिक्षण दुकानदारापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी शासनाने स्वीकारली तेथेच बदल टिकला, हे या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

आगीचा कालखंड

न्यूयॉर्क शहरातील शिंपी थॉमस जेनिंग्ज यांना १८२१ मध्ये कपड्यांच्या 'कोरड्या' सफाईच्या पद्धतीसाठी पेटंट मिळाले. अमेरिकेत पेटंट मिळविणारे ते पहिले आफ्रिकी-अमेरिकन गृहस्थ म्हणून ओळखले जातात. त्यानंतर पॅरिसमध्ये टर्पेंटाइनच्या साहाय्याने कपडे स्वच्छ करण्याचा व्यवसाय वाढीस लागला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खनिज तेलाचे शुद्धीकरण सुरू झाले, तेव्हा टर्पेंटाइनची जागा बेंझिन, नॅफ्था आणि गॅसोलीन या स्वस्त द्रावकांनी घेतली.

ही द्रावके अतिशय ज्वालाग्राही होती. लोकरीचे व रेशमाचे कपडे एकमेकांवर घासले जाऊन स्थिर विद्युत निर्माण होई आणि तिची एक ठिणगीही स्फोटास पुरेशी ठरे. त्यामुळे या व्यवसायाशी स्थानिक शासनाचा पहिला संबंध आला तो पर्यावरणाच्या नव्हे, तर अग्निसुरक्षेच्या निमित्ताने. अनेक शहरांनी आपल्या अग्निसंहितेत अशा धुलाई कारखान्यांवर निर्बंध घातले. परिणामी प्रत्यक्ष धुलाई वस्तीबाहेरील कारखान्यात आणि कपडे घेण्या-देण्याचे दुकान वस्तीत, अशी विभागणी अनेक ठिकाणी रूढ झाली.

व्यवसायाने यावर तांत्रिक उत्तर शोधले. अटलांटा येथील ड्रायक्लीनिंग व्यावसायिक डब्ल्यू. जे. स्टॉडार्ड यांनी पिट्सबर्गच्या मेलन संस्थेच्या सहकार्याने गॅसोलीनपेक्षा उशिरा पेट घेणारे पेट्रोलियम द्रावक विकसित करण्यास चालना दिली. १९२८ मध्ये त्याचे व्यापारी मानक निश्चित झाले. सुमारे ३८ अंश सेल्सिअसच्या खाली या द्रावकाची वाफ ठिणगीने पेट घेत नसे. धोका कमी झाला. पण तो संपला नाही.

'सुरक्षित' पर्कचा उदय

आगीच्या या पार्श्वभूमीवर क्लोरीनयुक्त द्रावकांचे आकर्षण समजून घ्यावे लागते. परक्लोरोएथिलीन, अर्थात व्यवसायाच्या बोलीतील 'पर्क', हा पदार्थ मायकेल फॅरडे यांनी १८२१ मध्येच, म्हणजे जेनिंग्ज यांच्या पेटंटच्या वर्षी, प्रयोगशाळेत तयार केला होता. ड्रायक्लीनिंगमध्ये त्याचा वापर मात्र १९३० च्या दशकात सुरू झाला. तो पेट घेत नाही, मळ उत्तम काढतो आणि यंत्रात गाळून व ऊर्ध्वपातन करून पुन्हा वापरता येतो. १९६० च्या दशकापर्यंत तो अमेरिकेतील ड्रायक्लीनिंगचे प्रमुख द्रावक बनला.

या बदलाचा एक सामाजिक परिणाम विशेष लक्षणीय आहे. आगीची भीती दूर झाल्यामुळे धुलाईचे यंत्र वस्तीत परतले. निवासी इमारतीच्या तळमजल्यावर, किराणा दुकानाशेजारी, बाजारपेठेच्या रांगेत पर्कची यंत्रे बसली. ज्या गुणामुळे पर्क सुरक्षित ठरला, त्याच गुणाने तो माणसांच्या अगदी निकट आला. आगीचा धोका दृश्य आणि तात्काळ होता. वाफेचा धोका अदृश्य आणि संथ होता. पर्कच्या वाफेने चक्कर येणे व डोके दुखणे हे कामगारांच्या परिचयाचे होते, पण दीर्घकालीन परिणामांची जाणीव होण्यास बराच काळ जावा लागला.

सुरुवातीच्या यंत्रपद्धतीत द्रावकाने भिजलेले कपडे धुलाईच्या यंत्रातून हातांनी काढून वाळविण्याच्या यंत्रात टाकावे लागत. या प्रत्येक फेरीत कामगार वाफेच्या लोटात उभा असे. पुढे धुणे व वाळविणे एकाच यंत्रात होऊ लागले, नंतर वाफ थंड करून पुन्हा द्रवरूप करणारी बंदिस्त यंत्रे आली. प्रत्येक पिढीत गळती घटली. परंतु यंत्राची किंमत वाढत गेली.

१९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातील दुरुस्तीने पर्कचा समावेश घातक हवा-प्रदूषकांच्या यादीत केला. १९९३ मध्ये संघराज्याच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ड्रायक्लीनिंगसाठी उत्सर्जनाची राष्ट्रीय मानके जाहीर केली. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पर्कची गणना 'मानवात बहुधा कर्करोगकारक' अशा गटात केली. दुकानावरच्या मजल्यांवरील घरांचा प्रश्न न्यूयॉर्कमध्ये विशेष तीव्र होता. तेथील राज्याच्या आरोग्य विभागाने १९९७ मध्ये निवासी हवेतील पर्कसाठी घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम ही मार्गदर्शक पातळी ठरविली. २०१३ मध्ये ती ३० मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आणली. ज्ञान वाढत गेले तसतशी 'सुरक्षित' या शब्दाची व्याख्या आक्रसत गेली, हे या दोन आकड्यांवरून स्पष्ट होते.

भूजल आणि नगरपालिकांची कोंडी

हवेतील धोक्यावर नियम होत असतानाच जमिनीखालचा धोका पुढे आला. पर्क पाण्याहून सुमारे १.६ पट जड असून पाण्यात अत्यल्प विरघळतो. जमिनीत झिरपलेला पर्क भूजलाच्या थरातून खाली उतरत जातो, खडकांच्या फटींत साचतो आणि तेथून अनेक दशके हळूहळू पाण्यात मिसळत राहतो. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. केवळ गणिताने पाहिले तर एक लिटर पर्क सुमारे ३२ कोटी लिटर पाणी या मर्यादेपर्यंत दूषित करू शकतो.

कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातील प्रादेशिक जलमंडळाने १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, विहिरींतील पर्कचा एक प्रमुख स्रोत ड्रायक्लीनिंगची दुकाने असल्याचा निष्कर्ष काढला. हा पर्क जमिनीत गेला कसा, याचे अहवालात दिलेले स्पष्टीकरण नगरपालिकांना अस्वस्थ करणारे होते. यंत्रातील द्रावकापासून वेगळे काढलेले पाणी दुकानदार सांडपाण्याच्या वाहिनीत सोडत. तो त्या काळी रूढ प्रघात होता. त्या पाण्यातील पर्क वाहिनीच्या सांध्यांतून आणि तड्यांतून जमिनीत उतरत होता. म्हणजे शहराच्या आरोग्यासाठी बांधलेली सार्वजनिक व्यवस्थाच प्रदूषणाचा मार्ग ठरली होती.

याच खोऱ्यातील मोडेस्टो शहराने आपल्या विहिरींच्या प्रदूषणाबद्दल द्रावकांच्या व यंत्रांच्या उत्पादकांना न्यायालयात खेचले. २००४ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने महत्त्वाचा भेद केला. इशारा न देता केवळ माल पुरविणे एवढ्यावरून उत्पादक प्रदूषणास जबाबदार ठरत नाही. मात्र ज्याने कचरा गटारात सोडण्याची सूचना दिली किंवा तशीच रचना असलेले यंत्र बनविले, त्याच्यावर जबाबदारी येऊ शकते, असे न्यायालयाने म्हटले. खटला पुढे अनेक वर्षे चालला. या प्रकरणातून दोन गोष्टी अधोरेखित झाल्या. पहिली, प्रदूषण झाल्यानंतर त्याची किंमत वसूल करणे हा अत्यंत लांबचा व खर्चिक मार्ग आहे. दुसरी, दुकानदाराला एकट्याला दोषी ठरविणे इतिहासाला धरून होणार नाही. त्याने बहुतांशी तेच केले, जे त्या काळी योग्य म्हणून त्याला सांगितले गेले होते.

दक्षिण कॅलिफोर्नियाचा नियम

प्रदूषण मुळातच थांबविण्याचा निर्णायक प्रयत्न लॉस एंजेलिसच्या परिसरात झाला. लॉस एंजेलिस, ऑरेंज, रिव्हरसाइड आणि सॅन बर्नार्डिनो या चार परगण्यांतील हवेचे नियंत्रण 'साउथ कोस्ट एअर क्वालिटी मॅनेजमेंट डिस्ट्रिक्ट' या प्रादेशिक संस्थेकडे आहे. तिच्या मंडळात बहुसंख्य सदस्य परगण्यांचे व शहरांचे निवडून आलेले प्रतिनिधी असतात. त्यामुळे प्रदेश विस्तीर्ण असला तरी स्वरूपाने ती स्थानिक शासनसंस्थाच होय.

या संस्थेने १९९४ मध्ये ड्रायक्लीनिंगसाठी नियम क्रमांक १४२१ संमत केला. आरंभी त्याचा भर गळती कमी करण्यावर होता. डिसेंबर २००२ मध्ये तो आमूलाग्र बदलण्यात आला. नव्या दुकानांत पर्कचे यंत्र बसविण्यास मनाई झाली आणि अस्तित्वात असलेल्या दुकानांना पर्कचा वापर पूर्णपणे थांबविण्यासाठी ३१ डिसेंबर २०२० ही अंतिम मुदत देण्यात आली. अमेरिकेत अशा प्रकारे पर्कला टप्प्याटप्प्याने निरोप देणारा हा पहिला मोठा नियम होता.

अठरा वर्षांची मुदत काहींना अवास्तव दीर्घ वाटली, तर व्यावसायिकांना ती अन्याय्य वाटली. यंत्र हीच या व्यावसायिकाची सर्वांत मोठी गुंतवणूक असते. बहुतेक दुकाने कुटुंबाच्या मालकीची होती आणि त्यांतील पुष्कळ कुटुंबे कोरियातून स्थलांतरित झालेली होती. कर्ज काढून घेतलेले यंत्र एका ठरावाने भंगारात काढणे म्हणजे त्या कुटुंबाची पुंजी काढून घेण्यासारखेच होते. मुदत लांबविण्यामागे जुने यंत्र आपले आयुष्य संपवून जावे हा विचार होता. त्याच्या जोडीला पर्यायी तंत्रज्ञान स्वीकारणाऱ्यांसाठी अनुदानाची सोय करण्यात आली.

स्थानिक संस्थेने घालून दिलेला हा कित्ता राज्याने लवकरच गिरविला. २००३ च्या कायद्याने कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या पर्कवर २००४ पासून प्रतिगॅलन ३ डॉलर शुल्क आकारण्यात आले आणि ते दरवर्षी १ डॉलरने वाढविण्याची तरतूद झाली. या निधीतून बिनविषारी पद्धती स्वीकारणाऱ्या दुकानांना १० हजार डॉलरचे अनुदान मिळू लागले. २००७ मध्ये राज्याच्या हवा मंडळाने २००८ पासून नव्या पर्क यंत्रांना बंदी केली आणि सर्व पर्क यंत्रे बंद करण्यासाठी १ जानेवारी २०२३ ही तारीख निश्चित केली. संघराज्याने २००६ मध्ये निवासी इमारतींतील यंत्रांपुरती डिसेंबर २०२० ची मुदत घातली होती. सर्वसाधारण बंदीपर्यंत मात्र ते पोहोचले नव्हते.

पर्यायांचा प्रश्न

पर्क नको हे ठरले, तरी त्याच्या जागी काय, हा प्रश्न उरलाच होता. नव्या पेट्रोलियम-आधारित हायड्रोकार्बन द्रावकांकडे अनेक दुकानदार वळले, कारण त्यांची कार्यपद्धती ओळखीची होती. परंतु ही द्रावके ज्वलनशील आहेत आणि त्यांची वाफ शहरी धुरक्यात भर घालते. म्हणूनच राज्याच्या अनुदान योजनेतून ती वगळण्यात आली. द्रवरूप कार्बन डायऑक्साइडची पद्धत स्वच्छ होती, पण तिच्या उच्च दाबाच्या यंत्राची किंमत लहान दुकानाच्या आवाक्याबाहेरची होती.

१-ब्रोमोप्रोपेन या द्रावकाचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. पर्कच्या नियमांत त्याचा उल्लेख नसल्याने काही दुकानदारांनी ते 'सुरक्षित' पर्याय म्हणून स्वीकारले. २००७-०८ मध्ये न्यू जर्सीतील एका ड्रायक्लीनिंग चालकाला त्याच्या विषबाधेने मज्जासंस्थेचा विकार झाल्याची नोंद रोगनियंत्रण केंद्राने प्रसिद्ध केली. पुढे २०२२ मध्ये हा पदार्थही घातक हवा-प्रदूषकांच्या राष्ट्रीय यादीत दाखल झाला. १९३० च्या दशकात जे घडले त्याचीच ही पुनरावृत्ती होती : एका धोक्याच्या नियमातून सुटण्यासाठी अपरिचित धोक्याचा स्वीकार.

या पार्श्वभूमीवर 'व्यावसायिक ओली धुलाई' या पद्धतीला महत्त्व आले. ही पद्धत जर्मनीत १९९० च्या दशकाच्या आरंभी विकसित झाली. संगणकनियंत्रित यंत्रात पाणी, सौम्य विशेष साबण आणि अत्यंत हळू फिरणारा पिंप यांच्या साहाय्याने लोकर व रेशीम धुतले जाते, वाळविताना कपड्यातील ओलाव्याचे प्रमाण यंत्र मोजत राहते आणि शेवटी ताण देणाऱ्या इस्त्रीयंत्रावर कपड्याचा आकार पूर्ववत केला जातो. १९९५ मध्ये शिकागो येथे एका नागरी संशोधन संस्थेने संघराज्याच्या साहाय्याने केवळ या पद्धतीचे प्रात्यक्षिक दुकान चालविले. दक्षिण कॅलिफोर्नियात ऑक्सिडेंटल कॉलेजच्या प्रदूषण प्रतिबंध केंद्राने दुकानांचे रूपांतर, प्रात्यक्षिके आणि खर्चाचा अभ्यास हे काम दीर्घकाळ केले. महाविद्यालयीन संशोधन थेट दुकानाच्या टेबलापर्यंत पोहोचल्याचे हे उल्लेखनीय उदाहरण आहे.

अडथळा केवळ यंत्राचा नव्हता. १९७२ पासून अमेरिकेत कपड्यांवर निगेची सूचना शिवणे बंधनकारक आहे. 'फक्त ड्रायक्लीन' असे शिवलेला कोट पाण्यात धुऊन तो बिघडला, तर भरपाई दुकानदारावर येते. ही चिठ्ठी संघराज्याच्या नियमाखाली येते; नगरपालिकेला ती बदलता येत नाही. स्थानिक शासनाच्या अधिकाराची मर्यादा येथे स्पष्ट होते.

सिएटल आणि मिनिआपोलिस : नियमाविना परिवर्तन

दक्षिण कॅलिफोर्नियाकडे मोठे नियामक अधिकार होते. ज्या शहरांकडे ते नव्हते, त्यांनी वेगळा मार्ग शोधला. वॉशिंग्टन राज्यातील किंग परगणा, सिएटल आणि परिसरातील इतर शहरे यांच्या संयुक्त घातक-कचरा व्यवस्थापन कार्यक्रमाने प्रथम व्यवसायाची पाहणी हाती घेतली. बहुसंख्य दुकानमालक कोरियन वंशाचे असून ही दुकाने मुख्यतः कौटुंबिक श्रमांवर चालतात, असे तीत आढळले. त्यामुळे माहितीपत्रके आणि संपर्क कोरियन भाषेत ठेवण्यात आला. २०१८ पासून पर्कचे यंत्र काढून व्यावसायिक ओली धुलाई स्वीकारणाऱ्या दुकानास २० हजार डॉलरचे अनुदान देण्यात येऊ लागले. जुन्या यंत्राची व उरलेल्या द्रावकाची योग्य विल्हेवाट हाही योजनेचा भाग होता, कारण टाकून दिलेले यंत्र म्हणजे पुन्हा जमिनीत जाणारा पर्कच.

मिनेसोटा राज्यातील मिनिआपोलिस शहराने प्रदूषण करणाऱ्या व्यवसायांकडून मिळणाऱ्या नोंदणी शुल्कातून खर्चात सहभागाची योजना उभी केली. शहराच्या आरोग्य विभागाने एकेका दुकानाशी बोलणी करून यंत्रबदलाच्या खर्चाचा भाग उचलला. २०१८ च्या सुमारास शहरातील शेवटच्या दुकानानेही पर्क सोडला आणि सक्तीशिवाय पर्कमुक्त झालेले देशातील पहिले ज्ञात शहर म्हणून त्याची नोंद झाली. दुकानांची मर्यादित संख्या हे या यशाचे एक कारण होते, हे मान्य करावे लागेल. तरीही प्रदूषणाच्या शुल्कातूनच प्रदूषण संपविण्याची ही रचना अनुकरणीय ठरते.

संघराज्याच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये पर्कविषयक नियम जाहीर करून ड्रायक्लीनिंगमधील त्याचा वापर दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरविले. लॉस एंजेलिसच्या नियमानंतर तब्बल बावीस वर्षांनी राष्ट्र त्या भूमिकेपर्यंत आले. २०२५ मध्ये त्याच संस्थेने या नियमाच्या फेरविचाराची प्रक्रिया सुरू केली. राष्ट्रीय धोरण असे पुढे-मागे होत राहिले, तरी ज्या दुकानांतून यंत्र प्रत्यक्ष निघून गेले तेथे ते परत येण्याची शक्यता कमी असते. स्थानिक प्रयत्नांचे टिकाऊपण कायद्याइतकेच या भौतिक बदलात सामावलेले आहे.

समारोप

दोन शतकांच्या या इतिहासात धोका क्रमाक्रमाने आगीतून हवेत, हवेतून जमिनीत आणि जमिनीतून पाण्यात सरकत गेलेला दिसतो. प्रत्येक टप्प्यावर जो उपाय सुरक्षित मानला गेला, तो आधीच्या धोक्याच्या तुलनेत सुरक्षित होता. नव्या धोक्याचे मोजमाप तेव्हा झालेलेच नव्हते. त्यामुळे एखाद्या पदार्थावर बंदी घालताना त्याच्या जागी काय येणार, हे तपासणे शासनाच्या कर्तव्याचाच भाग ठरते. कॅलिफोर्नियाच्या अनुदान योजनेने हायड्रोकार्बन वगळले, त्यामागे हेच भान होते.

दुसरा मुद्दा न्यायाचा आहे. स्वच्छ हवेचा आणि शुद्ध पाण्याचा लाभ साऱ्या शहराला होतो, पण यंत्र बदलण्याचा खर्च एका कुटुंबावर पडतो. याच कुटुंबातील माणसांनी वर्षानुवर्षे ती वाफ सर्वांत अधिक श्वासावाटे घेतलेली असते. त्यांना केवळ प्रदूषक मानणारे धोरण जसे अपुरे, तसेच त्यांच्या अडचणीची सबब सांगून धोका चालू ठेवणारे धोरणही अपुरे. निश्चित मुदत, प्रदूषणकारी पदार्थावरील शुल्क, त्या शुल्कातून अनुदान आणि दुकानदाराच्या भाषेत प्रशिक्षण यांची सांगड घालूनच या पेचातून मार्ग निघाला.

ही सांगड घालण्यास स्थानिक शासन अधिक समर्थ ठरले. त्याच्याकडे दुकानांची यादी होती, निरीक्षक होते आणि त्याच विहिरींचे पाणी पिणारे नागरिक होते. निगेच्या चिठ्ठीसारखे प्रश्न त्याच्या अधिकाराबाहेर राहिले आणि जमिनीत आधीच उतरलेला पर्क काढून टाकण्याचे काम आजही अनेक ठिकाणी शिल्लक आहे. मात्र दुकानाच्या मागील खोलीतले एकेक यंत्र बदलण्याचे काम राष्ट्रीय नियमाची वाट न पाहता करता येते, हे या संस्थांनी सिद्ध केले. पर्यावरणाच्या इतिहासात लहान दुकानाची आणि लहान शासनाची नोंद घेण्याचे प्रयोजन यातच आहे.